कागदाची युद्धनौका आणि आम्ही दोघे

कागद-पुठ्ठ्याचे मला कधी वावडे नव्हते. धाकट्या बहिणीच्या रुखवतात मी पुठ्ठ्याचे देऊळ केले होते, शिखराला चंदेरी कागद लावून. ते पाहून तिच्या सासूबाईंनी "हे विकत आणलं का?" असे विचारले होते आणि आमच्या आईने ते वाक्य पुढे वीस वर्षे येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवले. मग दर दिवाळीचा आकाशकंदील, गणपतीचे मखर, मुलांच्या शाळेतली हस्तकला, सगळे घरच्या घरी. त्यामुळे मागच्या हिवाळ्यात नातवाने एक पातळसे पुस्तक माझ्यापुढे टाकून "आजी, ही बोट करू या?" असे विचारले, तेव्हा मी भाजी निवडता निवडता म्हटले, "त्यात काय रे! दोन दिवसांत होईल."

दोन दिवस! चांगले दहा आठवडे लागले, आणि मी परत निघाले त्या दिवशीही तिच्या दोन तोफांच्या नळ्या बसायच्या राहिल्याच होत्या.

माझी लेक, जावई आणि नऊ वर्षांचा नातू पोलंडमध्ये ग्दान्स्क शहरात राहतात. लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी मी ऑक्टोबरअखेर तिकडे गेले. तारीख होती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातली. डिंक, अळीव, बाळंतशेपा सगळे पुड्या बांधून नेले होते. पण नोव्हेंबरच्या मध्यावर लेकीचे ब्लडप्रेशर चढू लागले, पायांवर सूज आली, आणि डॉक्टरांनी तपासायला म्हणून बोलावले ते तिला ठेवूनच घेतले. जावई ऑफिसातून परस्पर हॉस्पिटलात जात आणि रात्री उशिरा घरी येत. लहान मुलांना त्या वॉर्डात जाऊ देत नव्हते. घरात राहिलो आम्ही दोघे. त्याला मराठी अर्धीमुर्धी येते, मला पोलिश मुळीच येत नाही. बाहेर दुपारी पावणेचारलाच अंधार पडायला लागलेला.

पोरगा आईबद्दल एक अक्षर विचारत नव्हता. "जेवलास का पोटभर?" – "हो." "शाळेत काय झालं?" – "काही नाही." एवढेच. मैत्रिणींनो, रडणाऱ्या मुलाला कसे समजवायचे ते आपल्याला ठाऊक असते. न रडणाऱ्याला काय करायचे?

तेव्हा त्याने ते पुस्तक काढले. मी आल्या आल्याच एका रविवारी आम्ही सगळे लोकलगाडीने ग्दिनियाला गेलो होतो. ग्दान्स्कला लागूनच हे बंदर आहे आणि तिथल्या धक्क्याला 'ब्विस्काविट्सा' नावाची जुनी युद्धनौका बांधून ठेवली आहे. पोलिश भाषेत या शब्दाचा अर्थ 'वीज', आकाशात चमकते ती. १९७६ सालापासून ही नौका संग्रहालय म्हणून तिथे उभी आहे. त्या दिवशी वारा असा की माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, म्हणून डेकवर गेलो नाही, धक्क्यावरूनच पाहिली. परत येताना लेकीने नातवाला तिचे कागदी किट घेऊन दिले होते आणि "बाळ येईपर्यंत आपण दोघं मिळून करू" असे कबूल केले होते. आता ती तिथे आणि किट इथे.

कागदी किट म्हणजे काय ते आधी सांगते, कारण मलाही माहीत नव्हते. पुस्तकाच्या जाडसर पानांवर नौकेचा एकेक भाग रंगवून, सपाट पसरून छापलेला असतो. ब्लाउजच्या पेपर कटिंगमध्ये बाही, पाठ, मुंढा कसे वेगवेगळे असतात ना, तसेच. प्रत्येक भागाला आकडा. सोबत सांगाड्याचे भाग, सूचना आणि कुठला भाग कुठे बसतो त्याची चित्रे. कापायचे, घडी घालायची, वळवायचे, चिकटवायचे. पोलंडमध्ये हा छंद घरोघरचा. 'मावी मोदेलाश', म्हणजे 'छोटा मॉडेलवाला', नावाचे मासिक तिथे १९५० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले. जहाजे, विमाने, रणगाडे, जुने किल्ले असे काही ना काही प्रत्येक अंकात कापायला असायचे. त्या दिवसांत बाहेरची प्लॅस्टिकची किटे सहजी मिळत नसत, तेव्हा कात्री, डिंक आणि कागद एवढ्यावर तिथल्या एका अख्ख्या पिढीने बोटी बांधल्या. जर्मनीत विल्हेल्म्सहाफेन नावाच्या बंदरातही अशी किटे निघत, ती १:२५० मापाची. इंग्लंडात १९४० च्या दशकात तर पोस्टकार्डाएवढ्या कार्डांवर छापलेली चिमुकली किटे विकली जात.

आमची बोट १:२०० मापाची होती. म्हणजे खऱ्या नौकेवरचे दोनशे सेंटिमीटर ते आपले एक. खरी ब्विस्काविट्सा ११४ मीटर लांब आहे, तेव्हा कागदाची ५७ सेंटिमीटर, जवळपास माझ्या पोळपाटाच्या दुप्पट. त्या मापाने पुरा वाढलेला माणूस साडेआठ मिलिमीटरचा, बासमतीच्या दाण्यापेक्षा जेमतेम मोठा. हा हिशोब नातवाने केला आणि लगेच डब्यातून तांदळाचा एक दाणा काढून चित्रातल्या डेकवर उभा करून पाहिला. चार दिवसांनी पोरगा पहिल्यांदा हसला.

खरे सांगायचे तर मला एक गोष्ट टोचत होती. युद्धनौकाच कशाला? एखादे शिडाचे जहाज घ्यावे, मासेमारी बोट घ्यावी. तोफा आणि पाणतीर मुलांच्या हातात देऊन काय मिळवायचे? पण आईने घेऊन दिलेली वस्तू. मी काही बोलले नाही.

सूचना पोलिशमध्ये होत्या. त्या तो वाचणार, मोडक्या मराठीत मला सांगणार, आणि कुठे अडले तर चित्र बघून मी अंदाज करणार, असे ठरले. यात एक गंमत झाली. आजवर "हे कर, ते करू नको" मी सांगत असे, आता तो सांगू लागला. "आजी, थांब! आधी सोळा नंबर." 'व्रेंगी' हा शब्द आला तिथे तो अडला. चित्रात पाहिले तर माशाच्या काट्यासारखे आडवे तुकडे. म्हटले, "फासळ्या आहेत या." त्याला तो शब्द फार आवडला. बोटीला फासळ्या! मग मधल्या उभ्या पट्टीला आम्ही कणा म्हणू लागलो आणि पुढच्या टोकाला नाळ. कोकणात होडीच्या टोकाला नाळच म्हणतात हे मी त्याला सांगितले, पण बाळाच्या नाळेची आठवण होऊन माझाच आवाज जरा अडखळला.

तर काम असे चालते. कणा आणि फासळ्या छापील पानावर असतात, पण ते पान पातळ. ते आधी एक मिलिमीटर जाडीच्या पुठ्ठ्यावर चिकटवायचे, वाळवायचे आणि मग कापायचे. फासळ्यांना आणि कण्याला खाचा असतात, त्या एकमेकींत अडकवल्या की सांगाडा उभा राहतो. आमच्या किटमध्ये पूर्ण तळाची बोटही करता येत होती आणि पाण्याच्या रेषेपर्यंतचीही. आम्ही दुसरी निवडली. तळ सपाट असल्याने ती टेबलावर बसते आणि पोटाचा तो अवघड गोलवा टळतो. नवख्या माणसाने असेच करावे हा माझा आग्रहाचा सल्ला. सांगाड्यावर डेक बसतो, मग बाजूंची कातडी, मग वरची केबिने, धुरांडे, डोलकाठी, होड्या, तोफा. या सगळ्याखाली फासळ्या दिसेनाशा होतात, पण त्या वाकड्या तर वरचे सगळे वाकडे.

हत्यारे फार लागत नाहीत. सरळ पातीची धारदार सुरी (ती माझ्याच हातात राहिली, नातवाला कात्री), पोलादी पट्टी, भुवया कोरायचा चिमटा, आणि शाई संपलेले बॉलपेन. या पेनाचे मोल मला तिथे कळले. घडीच्या रेषेवरून पट्टी धरून ते दाबून ओढायचे, म्हणजे कागद न कापता खोलगट रेघ उठते आणि घडी करंजीच्या कडेसारखी नेमकी पडते. रेघ न ओढता नुसती बोटांनी घडी घातली तर कागदाचा वरचा रंग फाटतो आणि पांढरे पिंजारते. धुरांड्यासारखा गोल भाग एकदम वळवायचा नाही. तुकडा टेबलाच्या कडेवरून दोन-चार वेळा हलका ओढायचा, तो आपोआप गोलाईला येतो. कापल्यावर कागदाची कड पांढरी दिसते, तिच्यावरून त्याच रंगाचा ब्रश फिरवायचा. एवढ्या एका गोष्टीने बोट 'कागदाची' दिसायची थांबते. तिथले जाणकार पाने कापण्याआधी त्यांना 'कापोन' नावाचा लॅकर लावतात, त्याने कागद कडक होतो आणि ओल धरत नाही. पण तो नेलपॉलिशसारखा उग्र वासाचा. बाळ घरात यायचे होते, तेव्हा जावयांनी सुचवूनही मी तो दाराच्या आत येऊ दिला नाही.

रोज संध्याकाळी चार ते सहा अशी आमची वेळ ठरली. ओट्याशेजारच्या टेबलावर दिवा ओढून घ्यायचा, मला चहा, त्याला दूध. बोलणे फारसे नसे. पण हातात काम असले आणि डोळे कागदावर असले की मधेच एखादे वाक्य निसटते. एकदा फासळी घासता घासता तो म्हणाला, "आईच्या पण फासळ्यांखाली बाळ आहे ना?" मी हो म्हटले. तेवढ्यावर थांबला.

मला या नौकेची गोष्ट जावयांनी सांगितली, ती मी त्याला मराठीत सांगितली. ही बोट बांधली इंग्लंडमध्ये, आइल ऑफ वाइट बेटावरच्या काउझ या गावी. १९३६ साली पाण्यात उतरली, १९३७ साली पोलिश आरमारात आली. त्या काळातल्या फार वेगवान नौकांपैकी ही एक, एकोणचाळीस नॉट तिचा वेग. १९३९ च्या ऑगस्टच्या शेवटी, महायुद्ध पेटायच्या दोनच दिवस आधी, ती आणखी दोन नौकांबरोबर बाल्टिक समुद्रातून निसटून ब्रिटनला निघाली. तिची जुळी बहीण 'ग्रोम', म्हणजे गडगडाट, १९४० च्या मे महिन्यात नॉर्वेच्या किनाऱ्यावर बुडाली. वीज उरली. आणि १९४२ साली ४ आणि ५ मेच्या मधल्या रात्री, दुरुस्तीसाठी ती नेमकी काउझलाच, आपल्या जन्मगावीच आलेली असताना, जर्मन विमानांनी गावावर बॉम्बहल्ला केला. ब्विस्काविट्साने रात्रभर तोफा डागल्या. नळ्या इतक्या तापल्या की त्यांच्यावर पाणी ओतावे लागले. बंदरावर धूर सोडून गाव झाकला. माणसे तरीही पुष्कळ मेली, पण ती नसती तर गाव उरले नसते असे तिथले लोक आजही मानतात.

नातवाला पाणी ओतायचा भाग तीनदा ऐकायचा होता. मग त्याने विचारले, "पण पोलंडची बोट दुसऱ्यांच्या गावात का राहत होती?"

"कारण तिच्या घरी शत्रू येऊन बसला होता. घर नाही म्हटल्यावर माणसं मिळेल तिथे राहतात. आपल्या कोल्हापुरात पण पोलिश मुलं राहत होती."

हे त्याला खोटेच वाटले. पण खरे आहे. आमच्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात पोलिश निर्वासितांची मोठी छावणी होती, सुमारे पाच हजार माणसांची. त्यांत बायका आणि मुलेच जास्त. रशियात हद्दपार केलेली ही कुटुंबे इराणमार्गे इकडे आली होती. माझे वडील तेव्हा शाळकरी, त्या गोऱ्या मुलांना बाजारात पाहिल्याचे ते सांगत. वॉर्सात आज वळिवडे-कोल्हापूर छावणीचे स्मारक उभे आहे. दुसऱ्या दिवशी नातवाने शाळेत ही बातमी सांगितली आणि वर्गात त्याची बरीच वट वाढली म्हणे.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सांगाडा पुरा झाला. इथवर सगळे नीट. आणि मग मी ती चूक केली.

डेक चिकटवायचा होता. डिंक दाट वाटला म्हणून मी सवयीने त्यात पाणी घातले. आकाशकंदिलाला खळ करतो आपण, तशी. ब्रशने सढळ हाताने लावला, डेक बसवला, आणि लवकर वाळावा म्हणून अख्खी बोट रात्री खिडकीखालच्या हीटरवर ठेवून दिली. पापड उन्हात टाकावेत तशी! सकाळी पाहिले तर नाळ एका अंगाला मुरडलेली. टेबलावर ठेवली की बोट डुगडुगे. एक कोपरा चांगला पाच-सहा मिलिमीटर वर. आणि आमच्या मापात एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या बोटीवरचे वीस सेंटिमीटर.

असे का होते ते मी नंतर समजून घेतले. कागद पाणी प्यायला की त्याचे तंतू फुगतात आणि कागद एका दिशेला जास्त पसरतो. वाळताना तो आकसतो आणि ज्याला चिकटला असेल त्यालाही ओढतो. एका बाजूने उष्णता, दुसरीकडे गार, मग काय विचारता. तेव्हा डिंक घट्टच हवा, अगदी थोडा, टाचणीच्या टोकाने लावायचा, आणि वाळवायचे ते काचेवर किंवा सपाट फळीवर, वर वजन ठेवून, निवांत.

शाळेतून आल्यावर त्याने बोट पाहिली. आधी काही बोलला नाही. मग त्याचा चेहरा असा झाला की मी हातातली कणीक तशीच टाकून उठले.

"आता आई येणार नाही," तो म्हणाला.

मला उलगडा व्हायला वेळ लागला. त्याने मनाशी पैज लावली होती. बोट सरळ झाली की आई घरी येईल. दहा-बारा दिवस तो डेकची रेघ न रेघ सांभाळत होता ती यासाठी. आणि मी ती हीटरवर ठेवून वाकडी केली.

मी त्याला जवळ ओढले, हाताला पीठ होते तसेच. म्हटले, "सोन्या, बोट माझ्या चुकीने वाकली. तुझं काही चुकलं नाही. आणि आईच्या प्रेशरचा आणि या बोटीचा काही म्हणजे काही संबंध नाही."

"मग कशाशी आहे?"

तेव्हा माझ्या लक्षात आले की आम्ही तिघा मोठ्यांनी त्याला काहीच सांगितलेले नव्हते. "आई बरी होईल हं" एवढेच. मग मी माझ्या मराठीत जमेल तसे सांगितले. पोटात बाळ असताना कधी कधी आईच्या रक्ताचा दाब वाढतो. म्हणून दिवसातून अनेकदा मोजतात, औषध देतात, बाळाचे ठोके ऐकतात. फारच वाढला तर डॉक्टर बाळाला जरा लवकर बाहेर काढतात.

तो म्हणाला, "आई मरणार आहे का?"

हे विचारायला त्याला दोन आठवडे लागले होते. मी शपथेवर 'नाही' म्हणू शकले असते, पण उद्या काही झाले असते तर? म्हटले, "डॉक्टरांना तसं वाटत नाही. मलाही वाटत नाही. म्हणूनच तिला तिथे ठेवलंय, काही बिनसलं तर लगेच कळावं म्हणून. आत्ता फोन लावू आणि तूच विचार."

फोनवर त्याने तसे काही विचारले नाही. वाकडी बोट कॅमेऱ्यापुढे धरली. लेक पलंगावर उशीला टेकून बसली होती, चेहरा सुजलेला. पाहून ती इतकी हसली की बाजूच्या बाईने वळून बघितले. "आई, तू हीटरवर ठेवलीस ना? मला वाटलंच! शाळेत असताना माझा पृथ्वीचा गोल गॅसजवळ वाळत घातला होतास, आठवतंय?" आठवत होते. मग त्या दोघांचे अर्धा तास पोलिशमध्ये काय बोलणे झाले ते मला कळले नाही आणि मी विचारलेही नाही. कणीक मळायला गेले.

आता पुढे काय? नवे किट आणावे असे जावई म्हणाले. पण माझ्याकडे पत्ता होता. ब्लाउजचे चांगले कटिंग मिळाले की आधी त्याची प्रत काढून ठेवायची ही माझी जन्माची खोड. पहिल्याच दिवशी मी जावयांकडून सगळ्या पानांची रंगीत झेरॉक्स जाड कागदावर काढून आणवली होती. मैत्रिणींनो, एवढे मात्र कराच, आणि प्रत मापाला मूळ पानाशी जुळते ना ते पट्टीने तपासा. यंत्राने एका टक्क्याचाही फरक केला तरी ५७ सेंटिमीटरच्या बोटीत अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त चूक येते आणि नवा डेक जुन्या बाजूंना बसत नाही. आमची प्रत जुळली. जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यातून फासळ्या पुन्हा कापल्या. या खेपेस जावयांनी कपाटाची एक काच काढून दिली. तिच्यावर सांगाडा, सांगाड्यावर डेक, त्यावर वर्तमानपत्र आणि वर डाळींचे डबे. तूरडाळ पुढे, हरभराडाळ मागे. दोन रात्री हलवायचे नाही. या दोन दिवसांत आम्हाला डाळ करता आली नाही, बटाट्याच्या भाजीवर भागवले.

तिसऱ्या दिवशी डबे काढले. डेकवर डोळा लावून त्याने नाळेपासून शेवटापर्यंत पाहिले, सुतार पाहतो तसे. "प्रोस्तो," म्हणाला. सरळ.

५ डिसेंबरला पहाटे जावयांचा फोन आला. प्रेशर रात्रीत फार वाढले, सिझेरियन करावे लागले. मुलगी झाली, पस्तीस आठवड्यांची, दोन किलो शंभर ग्रॅम. आई ठीक, बाळ काचेच्या पेटीत. नातवाला उठवून सांगितले. त्याने पहिला प्रश्न केला, "दोन किलो म्हणजे केवढं?" मी तूरडाळीचा डबा उचलून त्याच्या हातात दिला. तो डबा घेऊन स्वयंपाकघरात बराच वेळ उभा होता.

मायलेकी घरी यायला पुढे सोळा दिवस लागले. त्या दिवसांत बोटीच्या बाजू चढल्या, केबिने चढली. बाळ आल्यावर मग काय, माझे चार ते सहा गेलेच. तेल, शेक, दर दोन तासांनी दूध. बोट अर्धी कपाटावर. पण रात्री बाळ निजले की आम्ही तासभर बसायचो, कधी कधी लेकही येऊन बसायची. तिने होड्या केल्या, एकूणएक सुबक.

तोफा मात्र माझ्याकडे आल्या. या नौकेवर आज ज्या तोफा दिसतात त्या १९४२ च्या सुमारास बसवलेल्या, दोन-दोन नळ्यांच्या चार जोड्या. नळ्या आठ, आणि प्रत्येक आमच्या मापात जेमतेम सव्वादोन सेंटिमीटर लांब, काडेपेटीच्या काडीपेक्षाही बारीक. हौशी लोक पितळेच्या आयत्या नळ्या विकत आणतात. नातवाला ते मान्य नव्हते. "सगळं कागदाचंच." मग बारीक सुईवर पातळ कागदाची पट्टी वळायची. कागद किंचित दमट करून, एका कडेला डिंकाचे बोट लावून, दोन तळव्यांत वातीसारखी फिरवायची. आयुष्यभर फुलवाती वळलेल्या हाताला ते जमले. त्याच्या मात्र सैल होत, सुई निघाली की उलगडत. "आजी, तुझ्या का सरळ होतात?" म्हणून तो खट्टू व्हायचा. मी म्हटले, तुळशीपुढे रोज एक, असा पन्नास वर्षांचा हिशोब घाल.

किती खर्च, किती वय, असे काही जणी नक्की विचारतील. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला एकट्याला युद्धनौका देऊ नये. वीस-तीस तुकड्यांचे घर, एखादा दीपस्तंभ, साधी नाव यापासून सुरुवात करावी. कागद १६० ते २०० ग्रॅमचा हवा, तो कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतो, आणि फासळ्यांना कपड्यांच्या खोक्याचा पुठ्ठा चालतो. खोकी फेकू नका एवढेच. सुट्टीत मुले दिवसभर पडद्याला डोळे लावून बसतात म्हणून आपण ओरडतो, पण त्यांच्याशेजारी दोन तास बसून एक सरळ घडी घालायला आपल्याला तरी सवड कुठे असते? मलाही इथे कोल्हापुरात झाली नसती. तिथे अंधार होता, भाषा नव्हती, शेजारीण नव्हती, म्हणून झाली.

२३ जानेवारीला मी निघाले. बाळ तोवर साडेतीन किलोच्या वर गेले होते. बोट दिवाणखान्यात कपाटावर उभी, धुरांडे, डोलकाठी, होड्या, सहा नळ्या. विमानतळावर नातवाने खिशातून पाकीट काढून माझ्या हातात दिले. आत दोन करड्या पट्ट्या, मापात कापलेल्या, कडा रंगवलेल्या. "या दोन तू घरी कर. मे महिन्यात आम्ही येऊ तेव्हा मी घेऊन जाईन."

पाकीट माझ्या शिवणाच्या डब्यात आहे. एक नळी झाली. दुसरी जरा सैल वळली गेली आहे, ती उकलून परत करायची आहे.